हार्ट अटॅक नेमका कुणाला येतो?

(वर्सोवा येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. अखेरीस श्रोत्यांचे निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



एका वाक्यापासून सुरुवात करतो. आपण सगळ्यांनी ते ऐकलंय. कुणाच्या तरी दारात चपलांचा ढीग पडलेला असतो, माणसं हळू आवाजात बोलत असतात, आणि कुणीतरी म्हणतं, "अहो, त्याला काहीच नव्हतं! परवाच मेट्रोच्या जिन्यावर भेटला होता."

'काहीच नव्हतं.' आज मी तासभर या दोन शब्दांवर बोलणार आहे. तुम्हाला वाटेल, डॉक्टर आता म्हणणार की असं होत नाही, काहीतरी असणारच, तपासण्या केल्या नसतील. मी तसं म्हणणार नाही. माझ्या मते ते वाक्य बरेचदा खरं असतं. त्या माणसाला असं काहीच नव्हतं, की ज्यामुळे त्याचं नाव एखाद्या डॉक्टरच्या वहीत लाल शाईने लिहिलं गेलं असतं. बीपी थोडंसं वर. पोट थोडंसं पुढे. शुगर 'बॉर्डरला'. दिवसातून चारदा तंबाखूची चिमूट. यातल्या एकेकट्या गोष्टीला आजार म्हणायला कुणी तयार नसतं. पण एखाद्या शहरातल्या हृदयविकाराचा मोठा भार नेमका अशाच माणसांवर असतो. हे कसं, ते बघू.

पसारा केवढा?

२०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये भारतातल्या राज्यांबद्दल एक मोठा अभ्यास आला. १९९० ते २०१६ या काळात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार, म्हणजे हार्ट अटॅक आणि पक्षाघात वगैरे मिळून, देशात कसे वाढले याचा तो हिशेब होता. १९९० मध्ये एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू या विकारांमुळे होत होते. २०१६ मध्ये हा वाटा २८.१ टक्के झाला. रुग्णांची संख्या २ कोटी ५७ लाखांवरून ५ कोटी ४५ लाखांवर गेली. आता यात लोकसंख्या वाढली, माणसं जास्त जगायला लागली, हेही धरायला हवं. जुलाबाने, गोवराने लहानपणी जाणारी माणसं जगली, वाचली, आणि पन्नाशीला पोचली. म्हणजे या वाढीतला काही भाग आपल्या यशाचाच आहे. पण मला खटकतं ते पुढचं: या विकारांनी झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक सत्तरीच्या आतले होते. ते म्हातारपणाचे मृत्यू नव्हेत.

राज्यांमध्ये केरळ, पंजाब आणि तमिळनाडू सर्वांत वर. महाराष्ट्र आणि गोवा त्यांच्या पाठोपाठच्या गटात. केरळ, गोवा, आणि आपली ही किनारपट्टी मासे खाणारी आहे, हे लक्षात ठेवा. त्यावर प्रश्न येणार हे मला माहीत आहे.

दुसरा आकडा वयाचा. 'इंटरहार्ट' नावाचा ५२ देशांतला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दक्षिण आशियाई लोकांची माहिती नंतर वेगळी तपासली. पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय आपल्याकडे ५३, बाकीच्या देशांत जवळजवळ ५९. सहा वर्षांचा फरक. त्रेपन्नाव्या वर्षी घरात काय काय चालू असतं, ते आठवून बघा. मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते, कुणाचं लग्न. कमावता माणूस जातो तो अशा वेळी.

इथे थोडं विषयांतर करतो. हे आकडे येतात कुठून? निम्मी गोष्ट मृत्यूच्या दाखल्याची आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यानुसार डॉक्टरने मृत्यूचं कारण लिहून द्यायचं असतं. इस्पितळात गेलं तर नमुना क्रमांक ४, घरी गेलं तर ४ अ. आता बऱ्याच दाखल्यांवर तुम्हाला काय दिसेल? 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट.' म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडले. अहो, ते तर सगळ्यांचेच पडतात! कॅन्सरने गेलेल्याचं, मलेरियाने गेलेल्याचं, लोकलमधून पडलेल्याचंही हृदय शेवटी बंदच पडतं. ते मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. असं लिहू नका, अशा सूचना आहेत. तरी रात्री दोन वाजता थकलेला निवासी डॉक्टर तेच लिहितो. म्हणून बातमीत 'मुंबईत इतके हार्ट अटॅक' असा आकडा दिसला की मी आधी विचारतो, हा आकडा मोजला कुणी आणि कसा?

नीट मोजलं तर किती कळतं, याचं जुनं उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय विभागात डॉ. एस. एल. मल्होत्रा होते. त्यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी काढल्या. रेल्वेचं एक बरं असतं. देशभर एकच खातं, तशाच नोकऱ्या, पगाराच्या ठरलेल्या श्रेणी, स्वतःची इस्पितळं. कोण मेलं आणि कशाने, याची नोंद राहते. १९६७ मध्ये त्यांनी छापलं की दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू उत्तरेपेक्षा सुमारे सातपट आहेत. त्यांनी याचा संबंध आहारातल्या तेला-तुपाशी आणि जेवणाच्या सवयींशी जोडला. ते सगळं स्पष्टीकरण आज आपण मान्य करू असं नाही. पण एकाच देशात, एकाच खात्यात, सातपट फरक! म्हणजे हा रोग नशिबाचा किंवा निव्वळ रक्ताचा नाही. प्रदेश, राहणी, ताट, काम, यांचा तो आहे.

दोन वेगळे प्रश्न

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जेफ्री रोझ नावाचे लंडनचे एक साथरोगतज्ज्ञ होते. १९८५ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. नावाचं मराठी करायचं तर 'आजारी माणसं आणि आजारी समाज'. त्यांचं म्हणणं असं, की आपण दोन वेगळे प्रश्न एकच समजतो. 'याच माणसाला अटॅक का आला?' हा एक. 'या शहरात एवढ्या माणसांना अटॅक का येतात?' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

त्यांनी लंडनच्या सरकारी नोकरांचं आणि केनियातल्या भटक्या पशुपालकांचं बीपी शेजारी शेजारी मांडलं. दोन्हीकडे कुणाचं कमी, कुणाचं जास्त, बहुतेकांचं मधलं. आकृतीचा आकार साधारण सारखा, पण लंडनची अख्खी आकृतीच उजवीकडे सरकलेली. लंडनमध्ये काही मोजकी माणसं आजारी होती असं नाही, सगळं लंडनच थोडं वर होतं. आणि सगळेच वर असले की कुणालाच ते वर वाटत नाही. मधल्या माणसाला आपण 'नॉर्मल' म्हणतो!

एक हिशेब करू. हे आकडे समजण्यापुरते, मी बनवलेले आहेत. समजा या कोळीवाड्यात, यारी रोडला, सात बंगल्याला मिळून एक हजार प्रौढ माणसं घेतली. त्यातली पन्नास 'हाय रिस्क'. बीपी खूप, शुगर खूप, वर सिगरेट. त्यांना दहा वर्षांत अटॅक येण्याची शक्यता २० टक्के धरू. म्हणजे दहा अटॅक. उरलेली ९५० माणसं, 'काहीच नाही'वाली. त्यांची शक्यता फक्त ४ टक्के. ९५० चे चार टक्के किती? अडतीस. एकूण अठ्ठेचाळीस अटॅक, त्यातले अडतीस 'काहीच नव्हतं' म्हणणाऱ्या घरांतले. जोखीम कमी, पण माणसं इतकी जास्त की बेरीज तिकडेच मोठी होते.

कुणी म्हणेल, पण बीपी १४० च्या खाली म्हणजे ठीकच ना? १४०-९० ही रेघ डॉक्टरांनी कामाच्या सोयीसाठी आखलेली आहे. गोळी कधी सुरू करायची हे ठरवायला कुठेतरी रेघ लागते. निसर्गाला ती रेघ माहीत नाही. २००२ साली ६१ अभ्यासांतल्या सुमारे दहा लाख माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. चाळीस ते सत्तर या वयात वरचं बीपी ११५ पासून दर वीस अंकांनी वाढलं की हृदयविकाराने मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होतो. ११५ पासून, बरं का! १३५ वाल्याला डॉक्टर म्हणतात, "छान आहे", पण ११५ वाल्याच्या मानाने त्याचा धोका दुप्पट. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू: सरासरी बीपी फक्त दोन अंकांनी खाली राहिलं, तरी मध्यमवयात हृदयविकाराचे मृत्यू सात टक्क्यांनी आणि पक्षाघाताचे दहा टक्क्यांनी कमी दिसतात. दोन अंक एका माणसाला जाणवतही नाहीत. शहराला जाणवतात.

मुंबई किती उजवीकडे सरकली आहे?

२०२१ मध्ये महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर एक पाहणी केली. स्टेप्स म्हणतात तिला. १८ ते ६९ वयाची पाच हजारांवर माणसं. घरी जाऊन विचारलं, मोजलं, रक्त तपासलं. चौतीस टक्क्यांचं बीपी वाढलेलं. अठरा टक्क्यांच्या आसपास लोकांची उपाशीपोटीची शुगर मधुमेहाच्या पातळीत. एकवीस टक्क्यांचं कोलेस्टेरॉल जास्त. सेहेचाळीस टक्के जाड किंवा लठ्ठ. आणि पुरेशी फळं-भाज्या न खाणारे, धरा, चौऱ्याण्णव टक्के!

चौऱ्याण्णव टक्के माणसं जे करतात, त्याला आपण व्यक्तीची चूक म्हणायची का? रोझ म्हणत होते ते हेच.

यातल्या मिठाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण ते आपल्या हातात आहे आणि दिसत नाही. पाहणीत मुंबईकराचं रोजचं मीठ सरासरी ८.६ ग्रॅम निघालं. हवं पाच ग्रॅमच्या आत. आता घरचा हिशेब. चौघांचं घर. पाच ग्रॅमने महिन्याला ६०० ग्रॅम होतात. ८.६ ने एक किलोच्या थोडं वरच. सगळं मीठ घरच्या पिशवीतून येत नाही, हेच तर अवघड आहे. घरच्या पिशवीवर लक्ष ठेवता येतं. पण वडापावमधला पाव, त्याची कोरडी चटणी, चकली-फरसाण, लोणचं, पापड, चायनीजच्या गाडीवरचा सॉस, यांतलं मीठ कुणी मोजलेलं नसतं. पाव तर खारट लागतही नाही.

इथे वेसाव्यात मला दरवेळी विचारतात, सुकी मासळी बंद करायची का? फरक करा. वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलाला मीठ लागत नाही, त्याला ऊन आणि वारा पुरतो. खारवलेली मासळी वेगळी. तिच्यातलं मीठ भिजवून, पाणी टाकून कमी होतं, जात नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की ताटात तीच येते, सोबत लोणचं आणि पापड. त्या दोन महिन्यांत बीपीवाल्यांनी जपायला हवं.

बारीक माणसाची चरबी

आता एक गोष्ट जी आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम इस्पितळातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दोघं शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! वजनकाट्याला दोघं सारखे, आतून वेगळे.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास १९९३ पासून केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पण आपली बाळं हाडामांसाने जेवढी कमी होती, तेवढी चरबीने कमी नव्हती. बारीक दिसणारी, तरी चरबी राखून ठेवणारी. हे बाळ पुढे शहरात आलं, बसून काम करू लागलं, पोटभर खाऊ लागलं, की ती चरबी पोटाभोवती जमते. म्हणून बीएमआयची आपली मर्यादा २५ नव्हे, २३ धरतात. आणि त्याहून सोपी गोष्ट म्हणजे शिंप्याची टेप. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. पँटचा नंबर घेऊन मोजू नका. पँट आपण पोटाच्या खाली नेसतो! टेप बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून.

शारीरिक श्रमाबद्दल थोडक्यात. १९५३ साली लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास झाला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर डबल-डेकरचे जिने चढत-उतरत. दोघांचं खातं एक, वस्ती एक, पण हृदयविकार ड्रायव्हरना जास्त. आपल्याही बेस्टच्या जुन्या डिझेल डबल-डेकर २०२३ मध्ये गेल्या, तो भाग सोडा. मुद्दा असा की कंडक्टर व्यायाम करत नव्हते, काम करत होते. जाळं हाताने ओढणाऱ्या माणसाला जिमची गरज नव्हती. आता बोटीवर विंच आहे, आणि त्याचा मुलगा अंधेरीच्या ऑफिसात खुर्चीवर आहे. ताट मात्र बापाचंच राहिलं.

तंबाखू : धूर दिसतो, चिमूट दिसत नाही

१९९० च्या दशकात मुंबईत तंबाखूवर जगातला एक मोठा अभ्यास झाला. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या ३५ वर्षांवरच्या जवळजवळ एक लाख माणसांच्या घरी जाऊन माहिती घेतली. ६९ टक्के पुरुष आणि ५७ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या. बायकांमध्ये जवळपास सगळी बिनधुराची, त्यात मशेरी पुढे. पुढे त्याच माणसांचा पाठपुरावा केला, तेव्हा तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण ३७ टक्क्यांनी जास्त आणि बिडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी जास्त आढळलं. बिडी 'हलकी' असते ही समजूत तिथेच संपायला हवी होती.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते, देशात अगदी खालच्या क्रमांकांपैकी. वाचून बरं वाटतं. पुढची ओळ वाचायची: बिनधुराचा तंबाखू २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही सगळे स्टेशनबाहेर उभे राहता. पण मला सांगायचंय ते वेगळं. तंबाखू चघळला की तोंडाचा कॅन्सर, एवढंच आपल्या मनात बसलंय. हृदयाचं कुणी सांगत नाही. इंटरहार्टमध्ये नुसता चघळण्याचा तंबाखूसुद्धा हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त करतो असं दिसलं. निकोटीन रक्तात जायला धूर लागत नाही.

जोखीम कमी, मरण जास्त

इथपर्यंत वाटेल की जोखीम जास्त तिथे मृत्यू जास्त. तसं नाही. २०१४ मध्ये 'प्युअर' नावाच्या अभ्यासाने १७ देश तपासले. श्रीमंत देशांत जोखमीचे घटक सर्वांत जास्त होते, आणि मृत्यू सर्वांत कमी. गरीब गटातल्या देशांत, आणि भारत त्या गटात होता, जोखीम कमी, पण अटॅक आला की मरणारे जास्त. फरक कुठे पडतो? बीपी वेळेवर कळणं, गोळी रोज मिळणं, आणि अटॅक आल्यावर वेळेत पोचणं.

पोचण्याबद्दलचा आकडा ऐका. भारतातल्या पन्नास शहरांतल्या ८९ इस्पितळांनी २०,४६८ रुग्णांची नोंद ठेवली, 'क्रिएट' म्हणून ती २००८ मध्ये छापली गेली. दुखायला लागल्यापासून इस्पितळात पोचेपर्यंत लागलेला मधला वेळ ३६० मिनिटं. सहा तास! रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं, नंतर दर तासाला स्नायू मरत जातो. हे सहा तास ट्रॅफिकमध्ये जात नाहीत. जे. पी. रोड कितीही तुंबला तरी सहा तास लागत नाहीत. ते घरात जातात. "गॅस झालाय", "सोडा घे", "सकाळी बघू", "मुलगा येऊ दे."

आणि त्याच नोंदीत, तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के गेले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. संशोधकांनी मिळालेल्या उपचारांचा फरक हिशेबात धरला, तेव्हा ही दरी जवळजवळ मिटली. म्हणजे गरिबाचं हृदय कमकुवत नव्हतं, त्याला औषध कमी मिळालं. वर्सोव्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. इथे एका रस्त्याच्या एका बाजूला मोठमोठी इस्पितळं आणि दुसऱ्या बाजूला दहा बाय दहाची घरं आहेत.

आता सगळा समाज डावीकडे सरकवता येतो का? येतो. फिनलंडच्या उत्तर कारेलिया भागात १९७२ मध्ये सुरुवात झाली. लोणी, मीठ, सिगरेट, तिन्हींवर काम. डेअऱ्या, बेकऱ्या, बायकांच्या संस्था, सगळे सामील. कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू काही दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले. मॉरिशसमध्ये १९८७ नंतर सरकारने रेशनच्या तेलात पामतेलाऐवजी बरंचसं सोयाबीन आणलं, पाच वर्षांत लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल खाली आलं. त्यात तेल बदलण्याचा वाटा मोठा होता. आपल्याकडे २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' वाटला, शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. सणाला गरिबाच्या घरी गोडधोड व्हावं, हे चांगलंच. पण तेल कुठलं द्यायचं हे ठरवताना टेबलाशी कुणी आरोग्यवाला बसला होता का, एवढंच मी विचारीन. आपल्याकडेही झालेलं आहे: तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली. खारी-बटर खाताना तुम्हाला कळलंही नाही, आणि धोका थोडा घटला.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : आम्ही कोळी रोज मासे खातो. मासे हृदयाला चांगले म्हणतात, मग आमच्यात अटॅक का?

मासे चांगलेच आहेत दादा. बांगडा, तारली यांच्यातलं तेल तर फारच. पण केरळ आणि गोवाही मासेच खातात, तिथलं चित्र मगाशी सांगितलं. गोव्यात तर २०२३ च्या आयसीएमआरच्या अभ्यासात मधुमेह २६.४ टक्के निघाला, देशात सर्वांत जास्त. मासा तळला कशात, त्याबरोबर भात किती, मीठ किती, तंबाखू आहे का, यावर सगळं ठरतं. मासा बाकीच्याचं माफ करत नाही. कालवण करा, तळणं आठवड्यातून एखाद्या वेळेस.

प्रश्न : तरुण मुलं जिममध्ये, नाचताना पडतात. लसीमुळे होतं असं व्हॉट्सॲपवर येतं.

हा प्रश्न येणारच होता. आयसीएमआरने देशातल्या ४७ इस्पितळांतून १८ ते ४५ वयाच्या, अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली आणि तशाच वयाच्या २,९१६ जिवंत माणसांशी ताडून पाहिली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला. लसीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत उलट कमी दिसला. वाढलेला दिसला तो कोविडने इस्पितळात दाखल झालेल्यांत, घरात कुणी अचानक गेलेलं असेल त्यांच्यात, आधीच्या दोन दिवसांत खूप दारू प्यायलेल्यांत, आणि त्याच दोन दिवसांत जोराचा व्यायाम केलेल्यांत. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, तर मुलाला जिमला घालण्याआधी डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : मी चाळीस वर्षं मशेरी लावते. आता सोडून काय उपयोग?

उपयोग आहे मावशी. तंबाखू थांबला की हृदयाचा धोका लवकर उतरायला लागतो, कॅन्सरपेक्षा पुष्कळ लवकर. एकदम जमत नसेल तर आधी दुपारची बंद करा, मग रात्रीची. सकाळची शेवटी. आणि सुनेसमोर, नातीसमोर लावू नका, डबी तिथूनच पुढे जाते.

प्रश्न : यांचं बीपी गोळीने नॉर्मल आलं की हे गोळी बंद करतात. कितीदा सांगितलं.

ताई, ते शेजारीच बसलेत का? बरं. साहेब, चष्मा लावल्यावर नीट दिसलं म्हणून तुम्ही चष्मा फेकून देत नाही. बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे. महागडी गोळीच लागते असंही नाही, पालिकेच्या दवाखान्यात आणि 'आपला दवाखाना'त या गोळ्या मोफत मिळतात. गोळी बदलायची, कमी करायची, तर डॉक्टरला विचारून. तुम्ही आता बाहेर गेलात की डाव्या हाताला टेबल आहे, तिथे बीपी मोजतायत. पाच मिनिटं शांत बसा, बोलू नका, पाय जमिनीला टेकवा, मग हात पुढे करा. टेपही तिथेच ठेवली आहे. ज्यांनी बाहेर चहा घेतला किंवा सिगरेट ओढली असेल त्यांनी अर्धा तास थांबून या, टेबल नऊपर्यंत आहे.